बर्फावरचं टायर

मी गूळ खात नाही. कोल्हापूरच्या माणसानं असं म्हटलं की लोकांना वाटतं, याला साखरेचा आजार असणार. "शुगर हाय व्हय?" असं विचारतात आणि मी हो म्हणून मोकळा होतो. खरं कारण सांगायला लागलो तर समोरच्याचा घास तोंडातच फिरेल. मला गुळाची शिसारी आहे. त्याहून जास्त शिसारी आहे ती जगातल्या धुराची वाटणी करायला बसणाऱ्या शहाण्यांची. कुठल्या देशानं किती धूर सोडला, कुणी आधी सोडला, माणशी किती पडतो. दोन हजार सात सालच्या हंगामात ही वाटणी मी अगदी जवळून पाहिली. दोन्ही बाजूंची बोलणी इकडून तिकडं मीच पोचवत होतो, कारण दुभाष्या मी होतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. माझे वडील केरबा, घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो, गणपतरावांच्या गुऱ्हाळात जाळ घालायचे. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर मोठी काहील असते, तिच्यात उसाचा रस उकळतो. खाली जमिनीत चुलवाण, आणि चुलवाणाच्या तोंडाशी माणूसभर खोल खड्डा. त्या खड्ड्यात बसून एका माणसानं सारखा जाळ घालायचा. रस ढवळणं, मळी काढणं, गूळ निवायला वाफ्यात ओतणं ही वरची कामं मालकाच्या भावकीतली माणसं करायची. खड्डा आमच्या वस्तीकडं. छपन्न साली आजोबांनी धम्म घेतला, गावकीची कामं टाकली, घरातले देव नदीला दिले. खड्डा तेवढा सुटला नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी खड्ड्यात कोण उतरणार हे कुणाला विचारावंही लागायचं नाही.

आबांना त्याचं काही वाटायचं नाही, उलट अभिमान होता. वरून गूळ उतरवणारा गुळव्या पिराजी ओरडायचा, "केरबा, जाळ वाढीव," की आबा वाढवायचे. "दाब" म्हटलं की दाबायचे. पिराजीच्या हाताला जे यश होतं त्यातलं निम्मं खड्ड्यातलं आहे, असं पिराजी स्वतःच म्हणायचा. तेव्हा चुलवाणात चिपाडं जायची. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, उन्हात वाळवलेला. त्याचा धूर पांढरा आणि गोडसर असायचा. त्या धुरातच मी लहानाचा मोठा झालो.

मग साखर कारखान्यांनी चिपाडावर वीज करायला सुरुवात केली आणि चिपाडाला भाव आला. गणपतराव हुशार माणूस. त्यांनी अंगणातलं चिपाड ट्रक भरून विकायला काढलं आणि त्याच्या जागी जुनी टायरं आणली. टायरं बंदरातून यायची, भंगारवाल्यांच्या हातून फिरत फिरत. चिपाडापेक्षा स्वस्त आणि जाळ दुप्पट. धुराड्यातून डांबरासारखा धूर निघायला लागला. काजळी म्हशींच्या पाठीवर बसली, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, वाफ्यात निवत ठेवलेल्या गुळावर बसली. गूळ काळा पडायला लागला म्हणून पिराजी त्यात जास्तीची पांढरी पावडर टाकायला लागला. गूळ पुन्हा पिवळाधमक झाला आणि मार्केट यार्डात सगळ्यांनी त्याची वाहवा केली.

आबांच्या छातीत टाकायला अशी काही पावडर नव्हती. सकाळी उठून ते थुंकायचे ते बुटाच्या पॉलिशसारखं काळं. खोकला सुरू झाला की चहाचा कप खाली ठेवायचे आणि भिंतीला धरून उभे राहायचे. आई, तानाबाई तिचं नाव, त्यांची बंडी धुवायला बसली की तोंडानं काही बोलायची नाही, पण दगडावर बंडी अशी आपटायची की शेजारणी बघायच्या. कोल्हापूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "धुरात जाणं बंद करा. अजून एखादा हंगाम असा काढला तर मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही." फी मात्र त्यानं आम्ही गेलो होतो त्याच दिवशी घेतली.

आबांना खड्ड्यातून काढणं माझ्या हातात नव्हतं. ते ऐकणारे नव्हते, आणि घर त्यावर चालत होतं. म्हणून मी टायर काढायचं ठरवलं. गणपतरावांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ते खुर्चीत पेपर वाचत होते.

"मालक, टायरं बंद करा. आबांच्या छातीचं काय खरं न्हाय."

"ये परशा, बस," ते म्हणाले. माझं नाव प्रसेनजीत आहे. ते नाव एवढं लांब उच्चारायची गणपतरावांना कधी गरज पडली नाही. "तू शिकलेला माणूस हाईस. पेपर वाचतोस न्हवं? अमेरिकेत एकेका घरात तीन-तीन गाड्या. त्या गोऱ्यांनी दोनशे वर्सं कोळसा जाळला आनि गब्बर झालं. आनि आता आमच्या चार टायरांनी आभाळ फाटतंय व्हय?"

"अमेरिकेचा धूर आबांच्या छातीत जात न्हाय, मालक."

"मग केरबाला म्हणावं घरात बस की! म्या काय त्येला दावणीला बांधलाय?" असं म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं.

माझं पोट तेव्हा पन्हाळ्यावर होतं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो आणि गडावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तीन दरवाजा, अंबरखाना दाखवत फिरायचो. त्या थंडीत तिथंच मला योरिस भेटला. बेल्जियमचा, ताडमाड उंच, उन्हानं लाल झालेले कान. लहान लहान भट्ट्यांचा धूर मोजणं हे त्याचं काम. त्याच्याबरोबर पुण्याची श्रुती होती, एका सल्लागार कंपनीतली. जिल्ह्यातली गुऱ्हाळं एका योजनेत आणायची, त्यांना सुधारित चुलवाण द्यायचं, त्यानं जेवढा धूर वाचेल त्याचं प्रमाणपत्र करायचं आणि ते युरोपातल्या एखाद्या कंपनीला विकायचं, असं तिचं काम. प्रमाणपत्र विकत घेतलं की ती कंपनी तिकडं तेवढा धूर खुशाल सोडायला मोकळी. हे मी तिच्याकडून पुन्हा एकदा समजावून घेतलं, कारण योरिससमोर ती इंग्रजीत बोलत होती आणि पहिल्यांदा वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. इंग्रजी ठीक होतं.

मनात म्हटलं, असू दे. त्यांचा धंदा काहीही असो, नवं चुलवाण आलं तर टायर जाईल. आबांची छाती वाचते ना, मग प्रमाणपत्र विका नाहीतर गुंडाळी करून चुलीत घाला. मी स्वतः दोघांना गणपतरावांकडं घेऊन गेलो.

गणपतरावांनी दोघांना बसवलं, रस पाजला आणि मुद्द्याला हात घातला. साखर कारखान्याला असेच धूर वाचवल्याचे पैसे मिळाले ही बातमी तालुकाभर झालीच होती. "बाई, पैसं कशावर ठरत्यात त्येवढं सांगा."

श्रुतीनं नीट सांगितलं. आधी सध्याचा धूर मोजायचा. मग नवं चुलवाण बसवून पुन्हा मोजायचा. दोन्हीतला जो फरक, त्यावर पैसे.

गणपतरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हंजे आधीचा धूर जेवढा जास्ती, तेवढा फरक मोठा?"

"थोडक्यात सांगायचं तर, हो," श्रुती हसून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मोजणी ठरली आणि त्याच्या आधीच गुऱ्हाळात टायरांचा ट्रक येऊन रिकामा झाला. अंगणात गंजी लागली. आबा बघतच राहिले. "मालक, एवढी?"

"पावणं धूर मोजायला येणार हाईत, केरबा. हात आखडू नगंस. कोल्लापूरचं नाव हाय!"

बारशाला, लग्नाला पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणेपर्यंत आग्रहानं वाढायचं, तसा हा आग्रहाचा धूर होता. मी पन्हाळ्यावरून श्रुतीला फोन लावला. म्हटलं, मॅडम, हा माणूस मुद्दाम टायरं जाळणार आहे. ती शांतपणे म्हणाली, "हे बघा, आम्ही जे दिसतं ते मोजतो. काय जाळा, काय जाळू नका हे आम्ही सांगायला लागलो तर मोजणीच खोटी ठरेल." इतक्या सरळ आवाजात इतकं घाण बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मोजणीच्या दिवशी गुऱ्हाळात जत्रा भरली. धुराड्याला शिडी लावून नळ्या बसवल्या होत्या आणि खाली एक पेटी, तिच्यावर आकडे पळत होते. झाडाखाली खाटांवर गाद्या, गाद्यांवर पांढऱ्या चादरी, त्यांच्यावर काजळीचा सडा. रस आला, आलं-लिंबू घातलेला. भाजलेल्या शेंगा आल्या. केळीच्या पानावर गरम गूळ आला. योरिसनं डोळे मिटून गूळ खाल्ला आणि त्यातल्या काळ्या ठिपक्यांकडं बोट दाखवून मला विचारलं, "तीळ?"

"नाही," मी म्हणालो. तोपर्यंत त्यानं गिळला होता.

खड्डा तिथून हाकेच्या अंतरावर. आबा दिसत नव्हते, त्यांचा खोकला तेवढा ऐकू येत होता. गुंडू टायरांचे तुकडे वरून खड्ड्यात ढकलत होता. गुंडू सीमेपलीकडचा, चिकोडीच्या बाजूचा, बायकापोरं घेऊन हंगामाला आलेला गडी. मराठीत कानडी मिसळून बोलायचा.

खाटेवर तोवर धुराची वाटणी सुरू झाली होती. योरिसनं आधी विषय काढला. म्हणाला, भारताचा एकूण धूर बघा किती वेगानं वाढतोय, चीनचा बघा. तुम्ही आमच्या वाटेनं गेलात तर पृथ्वी शिल्लक राहणार नाही. श्रुती तापली. तिचं इंग्रजी त्याच्यापेक्षा चांगलं होतं. "एकूण कसलं काढता? माणशी काढा. अमेरिकेचा माणूस वर्षाला वीस टन, तुमचा दहा-अकरा, आमचा जेमतेम सव्वा. आणि दोनशे वर्षांचं मागचं कुठं गेलं? आज आभाळात साठलंय ते कुणाचं आहे?"

खरं सांगू? तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. ऐकताना सुरुवातीला मलाही स्फुरण चढलं. मग तिनं खड्ड्याकडं हात केला. "तो माणूस बघा. त्याच्याकडं गाडी नाही, फ्रिज नाही, विमान त्यानं फक्त आभाळात पाहिलंय. त्याला तुम्ही दोषी धरणार?"

तो माणूस म्हणजे माझे आबा. योरिसनं मान तिकडं वळवली. तो म्हणाला, "त्याच्याविषयी मला आदर आहे. पण हा धूर त्याच्याच हातून निघतोय."

गणपतराव मला कोपरानं ढोसत होते, "काय म्हणत्यात, काय म्हणत्यात?" मी सांगितलं. ते मांडीवर थाप मारून उठले. "बाई लाखातलं बोलली! सव्वा टन! म्या म्हणत हुतो न्हवं? आपलं हात धुतलेलं हाईत!" त्यांच्या दारात जीप होती, नवी मोटार होती, माडीवर थंड हवेचं यंत्र होतं. त्या सव्वा टनात तेही होते आणि आबाही होते. गणपतरावांचं ओझं आमच्या वस्तीच्या डोक्यावर पसरलं म्हणून ती सरासरी एवढी गरीब दिसत होती. एकानं आबांना आरोपी केलं होतं, दुसरीनं ढाल केलं होतं, आणि खोकला कुणालाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात योरिस उठून टायरांच्या गंजीपाशी गेला. वाकून एका टायरावरची काजळी त्यानं अंगठ्यानं पुसली आणि लहान पोरासारखा ओरडला. टायराच्या अंगावर डोंगराचं चित्र होतं आणि त्यात बर्फाची चांदणी. "हिवाळ्याचं टायर आहे हे! बर्फावरचं. आमच्याकडं थंडीत हे लावतात. माझ्या वडिलांच्या गाडीला अगदी असंच होतं." त्यानं त्याचा फोटो काढला.

"मग हा धूर कुणाच्या नावावर?" श्रुतीनं पटकन पकडलं.

"जिथं जळतं त्या देशाच्या. नियम तसा आहे," तो म्हणाला. हे म्हणताना बिचारा ओशाळला होता, हे कबूल करतो. नियमाला मात्र काही लाज नसते. त्यांच्या देशात ते टायर आता गाडीलाही नव्हतं आणि हिशेबातही नव्हतं.

मी उठलो आणि खड्ड्यात उतरलो. आत उभं राहवत नव्हतं. चुलवाणाच्या तोंडातून येणारी धग चेहऱ्याला चटके देत होती आणि रबराचा वास घशाला चिकटत होता. आबांच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, वर नुसते लालभडक डोळे.

"आबा, वर चला. बास झालं."

"आदण चढलंय," ते म्हणाले. काहिलीतला रस उकळून गुळाच्या रंगाला आला होता, असं त्यांना म्हणायचं होतं. "आता जाळ तुटला तर गूळ बसायचा न्हाय. पिराजीची अब्रू जाईल, माझीबी जाईल. तू जा, पावण्यांजवळ बस."

मी वर आलो आणि योरिसला सरळ सांगितलं, तो खड्ड्यातला माणूस माझा बाप आहे. डॉक्टरनं धूर बंद सांगितलाय. तुम्ही या मालकाला एवढंच सांगा की टायर जाळू नको. तुमचं ऐकेल तो.

योरिसचा चेहरा खरंच उतरला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला फार वाईट वाटतं म्हणाला. मग पेटीकडं बघत, शब्द जुळवत म्हणाला, "पण मोजणी हंगामभर चालणार आहे. मध्येच इंधन बदललं तर आधीचे सगळे आकडे वाया जातील. मालकांना सांगा, या हंगामात आज जे इंधन आहे तेच शेवटपर्यंत ठेवा."

"काय म्हणत्यात?" गणपतराव.

माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं. मी गणपतरावांकडं वळलो आणि खणखणीत मराठीत सांगितलं, "पावणं म्हणत्यात, टायर अजाबात चालायचं न्हाय. पुढच्या मोजणीला एक तुकडा जरी दिसला तरी एक पैसा मिळायचा न्हाय. चिपाड घाला म्हणत्यात."

गणपतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. "आनि ह्यो ट्रक? ह्या ट्रकाचं काय लोणचं घालू?" पण पैसा जाणार म्हटल्यावर त्यांनी वेळ लावला नाही. खड्ड्याकडं तोंड करून ओरडले, "केरबा, थांब! टायर सार बाजूला! गुंडू, चिपाड आण!" गुंडू पळाला. खड्ड्यातला टायर ढकलायचा आवाज थांबला. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द नाही.

"एक मिनिट," श्रुती म्हणाली. ती पुण्याची. मराठी तिला माझ्याइतकंच येत होतं, आणि मी मूर्ख ते विसरलो होतो. "प्रसेनजीत, तुमची थोडी गल्लत झाली." त्या अंगणात माझं नाव पूर्ण उच्चारणारी ती पहिलीच, आणि कशासाठी! "गणपतराव, योरिस उलट म्हणाले. टायरच चालू ठेवायचं आहे. हंगाम संपेपर्यंत काही बदलू नका."

"व्हय?" गणपतरावांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी ओठावर आली होती, पण पाहुण्यांदेखत त्यांनी ती गिळली. "केरबा, लाव रं! टायरच लाव! ह्यो तुझा परशा उगंच नाक खुपसतोय मधी."

मी श्रुतीला म्हटलं, "तुम्ही गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं?" ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला तुमच्या वडिलांचं वाईट वाटतं हो. पण अहवालाखाली माझी सही असते."

खड्ड्याच्या काठावर आबांचं डोकं दिसलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फडकं गळ्यात ओढून ते माझ्याशी बोलले, गणपतरावांशी नाही. "पावण्यास्नी विचार, त्येंच्या गावात ह्ये का जाळत न्हाईत?"

मी विचारलं. योरिसनं प्रामाणिकपणे उत्तर दिलं, तो माणूस प्रामाणिकच होता. ते उत्तर मी आबांना शब्दाला शब्द लावून सांगितलं. "तिकडं बंदी हाय म्हणत्यात. कुणी जाळलं तर धरत्यात. छातीला वाईट असतंय म्हणून."

आबांनी मान हलवली. मग खड्ड्याच्या काठाला हात टेकून वर आले, हौदावर गेले, चूळ भरली आणि आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून बसले. काहिलीत आदण असताना आबा खड्ड्याबाहेर आले, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"केरबा, जाळ!" वरून पिराजी ओरडला. "आदण बसतंय रं! जाळ!"

"केरबा, उतर खाली!" गणपतराव लाल झाले. "गूळ वाया गेला तर पुढच्या हंगामाला तुझ्या वस्तीतलं कुत्रंबी ठेवायचा न्हाय हितं!"

आबा उठले नाहीत. त्यांनी मालकाकडं बघितलंही नाही. बसून श्वास घेत राहिले. योरिस पेटीवर वाकला होता, आकडे उतरत होते. "खंड पडता कामा नये," असं तो श्रुतीला हळूच म्हणाला. श्रुतीनं गणपतरावांकडं पाहिलं. गणपतरावांनी चहूकडं पाहिलं. भावकीतली पोरं काहिलीपाशी होती, त्यांतलं एकही जागचं हललं नाही, आणि त्यांना कुणी हल म्हणालंही नाही.

"गुंडू!"

गुंडू चिपाडाचा भारा घेऊन उभा होता. त्यानं भारा टाकला. खड्ड्यातल्या माणसाला चार पैसे जास्त मिळायचे हे त्याला हंगामाच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "आगली री, मालक, हुं दे तसं," तो हसत म्हणाला, "म्या बसतो की."

तो उतरायला लागला तसे आबा उठले. मला वाटलं त्याला अडवणार. त्यांनी गळ्यातलं फडकं सोडलं, हौदात बुडवून पिळलं आणि त्याच्या हातात दिलं. "तोंडाला बांध. आनि जाळ टाकताना दम रोखून धर," एवढंच सांगितलं. मग पुन्हा झाडाखाली येऊन बसले.

थोड्या वेळानं धुराड्यातून काळा लोट वर आला आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. पिराजी ओरडायचा थांबला. योरिसनं अंगठा वर करून दाखवला. श्रुतीनं कागदावर काहीतरी टिपलं आणि शेंगांची पाटी जवळ ओढली. खड्ड्यातून गुंडू पहिल्यांदा खोकला. आबांचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी खोकला होता तो, आणि तो ऐकून मला बरं वाटलं.